हडसनकाठची कोशिंबीर

१७४९ साली पेहर काल्म नावाचा एक स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ उत्तर अमेरिकेतील हडसन नदीच्या काठी, ऑल्बनी या गावी मुक्कामास होता. हा सुप्रसिद्ध लिनीयसचा शिष्य. स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्याला उपयुक्त झाडांची बी-बियाणी गोळा करण्यासाठी धाडले होते. विशेषतः तुतीचे असे एखादे झाड मिळावे की जे उत्तरेच्या थंडीतही तग धरील, म्हणजे रेशीम घरीच पिकवता येईल, असा व्यवहारी हेतू त्यामागे होता. काल्म स्वभावाने चौकस. झाडांबरोबर माणसे, घरे, चुली, हवापाणी, सारे तो रोजनिशीत टिपून ठेवी. ऑल्बनीच्या डच रहिवाशांविषयी त्याचे मत काही फारसे चांगले नव्हते. पैशाच्या लोभी म्हणून त्याने त्यांना मुळीच न भीता रंगवले आहे. परंतु याच माणसाने एके दिवशी आपली घरमालकीण श्रीमती व्हिशर हिने केलेल्या एका खाद्यपदार्थाची नोंद मोठ्या प्रेमाने केली. असा पदार्थ आपण पूर्वी पाहिल्याचे किंवा खाल्ल्याचे आठवत नाही, असे तो म्हणतो.

तो पदार्थ म्हणजे कच्च्या कोबीचे सॅलड. बाईंनी कोबीच्या गड्ड्याची बाहेरची पाने काढून टाकली, आतली पाने घेतली आणि त्यांच्या लांब, बारीक पट्ट्या चिरल्या. काल्मने त्यांची जाडीही नोंदवली आहे, इंचाचा बारावा ते सहावा हिस्सा. शास्त्रज्ञाचीच ही सवय! मग त्या पट्ट्या ताटात ठेवून त्यांवर तेल आणि व्हिनेगर ओतले, मीठ-मिरपूड घातली आणि सगळीकडे सारखे लागेल अशा बेताने कालवले. तेलाऐवजी पुष्कळदा वितळलेले लोणी वापरतात, ते उबदार भांड्यात ठेवून वाढल्यानंतर वरून ओततात, हेही त्याने सांगितले आहे. आणि शेवटी, कल्पना करता येणार नाही इतके ते रुचकर लागते, असा अभिप्राय दिला आहे.

आज आमच्या धर्मग्रामांतील लग्नांच्या, बाप्तिस्म्याच्या, फेस्ताच्या जेवणावळीत आचाऱ्याने मांडलेल्या टेबलाच्या टोकाशी पांढऱ्या, साईसारख्या दाट रसात कालवलेल्या कोबी-गाजराचे जे मोठे भांडे दिसते, त्याची पणजी ही. तिचे नाव कोलस्लॉ. आमच्याकडे कोणी ‘कोल्ड स्लॉ’ म्हणतात, कोणी नुसतेच ‘मेयोनीजवाले सॅलड’. त्यावरून टीकाही ऐकू येते. कोणी म्हणतो, ही साहेबी नक्कल. कोणी म्हणतो, आपली दह्यातली कोशिंबीर कुठे गेली? ही टीका अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण पानात आलेल्या पदार्थाला परका ठरवण्याआधी त्याचे कूळ विचारावे, हा साधा शिष्टाचार आहे.

प्रथम नाव. डच भाषेत ‘कोल’ म्हणजे कोबी आणि ‘स्ला’ हे ‘सालाद’ या शब्दाचे बोलीतले आखूड रूप. दोन्ही मिळून ‘कोलस्ला’. अमेरिकेतील इंग्रजी बोलणाऱ्यांना ‘कोल’ परिचयाचा राहिला नव्हता. त्यांच्या कानाला तो ‘कोल्ड’, म्हणजे थंड, असा ऐकू आला. १७९४ सालच्या छापील इंग्रजी मजकुरात हा पदार्थ ‘कोल्ड स्लॉ’ या नावानेच, आणि डच लोकांचा म्हणून, आलेला आहे. अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे अमेरिकनांनी अमेरिकनांसाठी लिहिलेले पहिले पाकपुस्तक मानले जाते. १७९६ च्या त्या पुस्तकात ‘स्लॉ’ हा शब्द आहेच, शिवाय बिस्किटांसाठी ‘कुकी’ हा दुसरा डच शब्दही आहे. पुढे मौज अशी झाली की, ‘कोल्ड स्लॉ’ आहे तर ‘हॉट स्लॉ’ही असले पाहिजे असे गृहिणींना वाटले, आणि एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी पाकपुस्तकांत गरम व्हिनेगर ओतून केलेला ‘हॉट स्लॉ’ दिमाखाने मिरवू लागला. तेव्हा आमच्याकडचा जो आचारी आपल्या पत्रकावर ‘कोल्ड स्लॉ’ छापतो त्याला हसण्याचे कारण नाही. त्याच्या चुकीला दोनशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे!

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. डच ‘कोल’ हा शब्द लॅटिन ‘काउलिस’वरून आला. काउलिस म्हणजे देठ, आणि त्यावरून देठाची भाजी, कोबी. याच लॅटिन शब्दाचे पोर्तुगीजात ‘कोव्ह’ झाले, आणि पोर्तुगीज ‘कोव्ह’चे मराठीत ‘कोबी’ झाले. म्हणजे वसईच्या बाजारात भाजीवाली ‘कोबी घ्या, कोबी’ म्हणते आणि न्यूयॉर्कच्या दुकानात कोणी ‘कोलस्लॉ’ मागतो, तेव्हा दोघे एकाच आजीची नातवंडे हाका मारीत असतात. एक नात डचांच्या गलबतातून हडसनकाठी गेली, दुसरी पोर्तुगीजांबरोबर कोकणकिनाऱ्यास लागली. पाव, बटाटा, अननस, चावी, बादली, पगार यांच्या पंक्तीला बसलेला ‘कोबी’ आपल्याला इतका घरचा वाटतो की तो पाहुणा होता हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

‘सॅलड’चे मूळही लॅटिनच. ‘साल’ म्हणजे मीठ. मीठ लावलेला पाला तो सालाता. आमच्या वाचकांतील वयोवृद्धांना हा ‘साल’ आणखी एका ठिकाणचा आठवेल. जुन्या विधीप्रमाणे बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू बालकाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवीत असत. १९६९ सालच्या सुधारित बालबाप्तिस्मा-विधीत ती प्रथा राहिली नाही. ज्ञानाचे मीठ म्हणून ते दिले जाई. बाळ तोंड वेडेवाकडे करी आणि सगळी मंडळी हसत.

आता डचांविषयी थोडेसे. सतराव्या शतकात या चिमुकल्या राष्ट्राने दोन व्यापारी कंपन्या उभारल्या. १६०२ ची ईस्ट इंडिया कंपनी पूर्वेकडे आली. आपल्या कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती आणि तिचे अवशेष अजून आहेत. १६२१ ची वेस्ट इंडिया कंपनी पश्चिमेकडे वळली. तिने १६२४ साली हडसनच्या वरच्या अंगाला फोर्ट ऑरेंज हे ठाणे वसवले. त्याचेच पुढे ऑल्बनी झाले. वेंगुर्ल्याच्या डचांनी मागे दगडी भिंती ठेवल्या. ऑल्बनीच्या डचांनी बायकामुले आणली, बागा लावल्या, कोबी पेरली. १६६४ साली इंग्रजांनी वसाहत घेतली, न्यू ॲमस्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले. राज्य गेले, पण लोक राहिले.

येथे आम्हांस वसईची आठवण होणे स्वाभाविक आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती त्यांच्या हातून गेली. सत्ता गेली, किल्ला ओस पडला, पण आसपासच्या वाड्यांतून देवळे, माणसे आणि शब्द राहिले. दोन प्रसंग सारखे नाहीत, हे आम्ही जाणतो. ऑल्बनीचे डच हे परदेशातून आलेले वसाहतकार होते. आमचे पूर्वज याच मातीतले, येथलीच शेते कसणारे. त्यांच्यावर आली ती परकी सत्ता आणि तिच्याबरोबर आलेला धर्म त्यांनी आपलासा केला. पण ज्याची भाषा बाजारात आणि कचेरीत चालत नाही अशा समाजाचे घरात काय टिकते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

ऑल्बनीत त्याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. डचांचे चर्च बराच काळ डच भाषेला धरून राहिले. न्यूयॉर्क शहरातील डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये इंग्रजीतून प्रवचन देणारा पहिला पाळक १७६४ साली, म्हणजे राज्य गेल्यानंतर शंभर वर्षांनी नेमला गेला, आणि त्यावरून मंडळीत चांगलीच भांडणे झाली. तरुण पोरे इंग्रजी चर्चकडे निघून चालली आहेत, त्यांना थोपवायचे तर इंग्रजी हवी, असे एका पक्षाचे म्हणणे. भाषा गेली की आपण गेलो, असे दुसऱ्याचे. दोघांचेही खरे ठरले. अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे १७८२ साली ऑल्बनीजवळच्या किंडरहूक गावी जन्मले. त्यांची मातृभाषा डच होती, इंग्रजी ते मागून शिकले. इंग्रजी मातृभाषा नसलेला दुसरा अध्यक्ष त्या देशाला त्यानंतर मिळालेला नाही. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांत हडसनकाठची डच बोली ओसरत गेली आणि अखेर नाहीशी झाली. उरले ते काय? काही आडनावे, काही गावांची नावे, आणि स्वयंपाकघरातले दोन-चार शब्द. आमच्या सामवेदी आणि वाडवळी बोलींची आज घराघरांतून जी स्थिती आहे ती पाहणाऱ्याला ही यादी वाचून स्वस्थ वाटणार नाही. बोलीत जेवणाचे शब्द शेवटपर्यंत टिकतात, हे समाधान मानावे की धोक्याची सूचना मानावी, ते ज्याचे त्याने ठरवावे. आम्हांस ती सूचना वाटते.

श्रीमती व्हिशर यांच्या सॅलडात तेल होते किंवा लोणी होते. साय नव्हती, अंडे नव्हते. तेल की लोणी, हा प्रश्न आज निव्वळ चवीचा वाटतो. पण उत्तर युरोपात शतकानुशतके तो श्रद्धेचा आणि पुष्कळदा पैशाचाही प्रश्न होता. मध्ययुगात प्रायश्चित्तकाळातील निर्बंध आजच्याहून फारच कडक होते. मांस तर नाहीच, पण दूध, लोणी, चीज, अंडी हेही वर्ज्य. दक्षिणेत ऑलिव्हची झाडे असल्याने तेथे तेलाची अडचण नव्हती. उत्तरेत ऑलिव्ह उगवत नाही. तेल दुरून येई, महाग असे आणि वाटेत खवटही होई. म्हणून लोणी खाण्याची सवलत मागितली जाई आणि त्या बदल्यात दान दिले जाई. १४९१ साली पोप इनोसंट आठवे यांनी सॅक्सनीच्या राजघराण्याच्या विनंतीवरून तशी सवलत दिली. फ्रान्समधील रुआँ येथील कॅथेड्रलचा एक मनोरा तर आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. प्रायश्चित्तकाळात लोणी खाण्याच्या परवानगीबद्दल भाविकांनी दिलेल्या पैशातून तो उभा राहिला असे सांगतात. मार्टिन लूथरने १५२० साली याच व्यवहारावर कोरडे ओढले. रोममध्ये स्वतः उपवासाची थट्टा करतात, आम्हांला मात्र जोड्यांना लावण्याच्याही लायकीचे नसलेले तेल खायला लावतात आणि वर लोण्याची परवानगी विकतात, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. लूथरची सगळी मते आपणास मान्य होण्याचे कारण नाही. परंतु लोण्याविषयीचे त्याचे म्हणणे कॅथलिक वाचकाने संकोच न बाळगता वाचावे, कारण पुढे चर्चनेच ही गोष्ट सरळ केली. १९१७ च्या धर्मनियमसंहितेत मांसवर्ज्य दिवशी मांस आणि मांसाचा रस्सा तेवढा निषिद्ध ठेवला. अंडी, दूध-दुभते यांना मोकळीक दिली. १९६६ साली पोप सहावे पॉल यांच्या ‘पेनितेमिनी’ या पत्रकाने तपश्चर्येचा अर्थ प्रार्थना आणि दानधर्म यांच्याकडेही वळवला.

अंड्याची आणि दुधाची मोकळीक झाल्यावर साईच्या सॅलडाला शुक्रवारच्या ताटातही जागा मिळाली. एरवी ते तसे शक्यच नव्हते.

कोबीवर साय कशी आली, याचा इतिहास मात्र एका रेषेत जाणारा नाही. अमेरिकी गृहिणी प्रथम आंबट साय घालीत. दुसरी तऱ्हा शिजवलेल्या रसाची: अंड्याचा बलक, मोहरीची पूड, थोडे पीठ, दूध, लोणी आणि व्हिनेगर मंद आचेवर घोटून दाट करायचे आणि थंड झाल्यावर कोबीला चोळायचे. फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या बॉस्टन कुकिंग स्कूलच्या पाकपुस्तकात असे शिजवलेले रस आहेत. ऑलिव्ह तेल महाग आणि साय-लोणी गोठ्यातले, अशा शेतकरी घरांना हीच पद्धत परवडत असे. आमच्या मते चवीलाही ती आजच्या बाटलीतल्या रसाहून सरस आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही, कारण अंडे शिजते.

तिसरी तऱ्हा मेयोनीजची. १७५६ साली फ्रेंचांच्या रिशल्यू ड्यूकने मिनोर्का बेटावरील माहोन हे बंदर इंग्रजांकडून जिंकले. विजयाच्या मेजवानीत साय मिळेना म्हणून आचाऱ्याने अंडे आणि तेल घोटले आणि त्याला माहोनचे नाव दिले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा सुरेख आहे, पण हा शब्द छापात दिसतो तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, लढाईनंतर जवळजवळ अर्धशतकाने. थोर फ्रेंच पाकशास्त्री कारेम याला तर माहोन मान्यच नव्हते. हाताळणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द ‘मान्योनेझ’ असा असला पाहिजे, असा त्याचा आग्रह. कोणी बायोन शहराचे नाव पुढे करतात, कोणी बलकासाठीच्या जुन्या फ्रेंच शब्दाचे. विजयी सेनापतींच्या नावावर पदार्थ चढवण्याची हौस सगळ्याच देशांत असते; कथा ऐकावी, पैज लावू नये.

घोटण्याची करामत मात्र खरी आहे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत. व्हिनेगर हे बहुतांशी पाणीच. पण बलकात लेसिथिन नावाचे द्रव्य असते. त्याचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. तेल थेंबाथेंबाने घालून सतत घोटले तर त्या थेंबांचे अतिसूक्ष्म कण होतात, प्रत्येकाभोवती लेसिथिनचा पदर बसतो आणि ते पुन्हा एकत्र येत नाहीत. सगळे मिळून साईसारखे घट्ट होते. घाईने तेल ओतले की फुटते. फुटलेले सावरण्यासाठी दुसरा बलक घेऊन त्यात ते फुटलेले मिश्रण हळूहळू घोटायचे.

या वेळखाऊ कामातून घरची बाई सुटली ती दुकानामुळे. रिचर्ड हेलमन या जर्मन स्थलांतरिताने १९०५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबस ॲव्हेन्यूवर खाद्यपदार्थांचे दुकान काढले. दुकानातल्या सॅलडांतील मेयोनीज गिऱ्हाइकांना आवडे, म्हणून १९१२ पासून तो ते काचेच्या बरण्यांत भरून विकू लागला. बरणी आली आणि सॅलड घरच्या टेबलावरून सार्वजनिक टेबलावर गेले. शंभर माणसांसाठी कोबी चिरणे पाच जणींना एका सकाळी जमते. शंभर माणसांपुरते मेयोनीज हाताने घोटणे जमत नाही.

अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळींच्या सामुदायिक जेवणांत कोलस्लॉ रुजले ते याच हिशेबाने. कोबी स्वस्त, हिवाळाभर टिकणारी. सॅलड आदल्या रात्री करून ठेवता येणारे. चूल लागत नाही. विस्कॉन्सिन राज्यात तर कॅथलिकांच्या शुक्रवारशी त्याचे नातेच जुळले. तेथे जर्मन आणि पोलिश कॅथलिक कुटुंबे मोठ्या संख्येने होती. १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी आली तेव्हा खानावळवाल्यांनी गिऱ्हाईक टिकवण्यासाठी शुक्रवारी तळलेली मासळी स्वस्तात द्यायला सुरुवात केली. मासळी, बटाटा, राईचा पाव आणि वाटीभर कोलस्लॉ. पुढे चर्चच्या तळघरांतील सभागृहांतही प्रायश्चित्तकाळातले असे शुक्रवार होऊ लागले आणि त्यातून धर्मग्रामाच्या कामांसाठी निधी उभा राहू लागला. तळणाशी पुरुष आणि कोबी चिरायला बायका, अशी कामाची वाटणी या सभागृहांतही ओळखीची. श्रीमती व्हिशर यांचे नाव टिकले, कारण त्यांच्या घरी उतरलेला पाहुणा लिहिता होता. बाकीच्यांच्या नशिबी तसा पाहुणा आला नाही.

आपल्याकडे कच्च्या भाजीला दाट पांढऱ्या रसात कालवण्याची कला फार जुनी. पानाच्या डाव्या बाजूला, लोणच्या-चटणीच्या शेजारी कोशिंबिरीची जागा ठरलेली. काकडी, गाजर, मुळा, कोबी. दाण्याचे कूट, दही, मोहरीची फोडणी, हिरवी मिरची. रचनेत कोलस्लॉहून ती वेगळी नाही: कच्ची भाजी, आंबटपणा, स्निग्धपणा, मीठ. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांतील लग्नाचे लोणचे हाही याच नात्यातला, गाजर-पपईच्या कच्च्या फोडींचा, मसाल्यात आणि व्हिनेगरात मुरवलेला पदार्थ. तेव्हा कोलस्लॉ आले म्हणून कोशिंबीर जाण्याचे कारण नाही. टेबलावर दोघींना जागा आहे. नाही म्हणायला, दोघी एकाच वेळी केल्या तर कोबीच्या चिराचिरीत बचतच होईल.

या इतिहासाचे एक पान मात्र काळजाला घर पाडणारे आहे आणि सामुदायिक स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचले पाहिजे. १९८१ साली कॅनडाच्या पूर्वेकडील सागरी प्रांतांत एकाएकी गर्भपात, मृत अर्भके आणि नवजात बालकांचे गंभीर आजार यांची संख्या वाढली. लिस्टेरिया नावाच्या जिवाणूने ४१ जण आजारी पडले होते. त्यांपैकी ३४ प्रकरणे गर्भवती माता आणि नवजात बालकांची होती. शोध घेता घेता तपासनीस एका कारखान्यात तयार होणाऱ्या कोलस्लॉपर्यंत पोचले. मेयोनीज निर्दोष ठरले, दोष कोबीत निघाला. ज्या शेतातून ती आली तेथे मेंढ्यांचे कच्चे खत घातले जाई, आणि त्या कळपातील मेंढ्या याच रोगाने मेल्या होत्या. कापणीनंतर कोबी हिवाळाभर थंड कोठारात ठेवली होती. इतर बरेच जंतू थंडीत थबकतात. लिस्टेरिया थंडीतही वाढतो. १९८३ साली या तपासाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि हा रोग अन्नातून पसरतो याचा पहिला भक्कम पुरावा जगाला मिळाला.

ज्या घरांनी मेळाव्याला किंवा दुकानातून आणून विश्वासाने एक वाटी सॅलड खाल्ले, त्यांच्या पाळण्यांचे काय झाले, हे त्या आकड्यांमागे आहे. आमच्याकडे सॅलडाविषयी बोलताना सगळा संशय मेयोनीजवर असतो, आणि तो निराधार नाही. कच्च्या अंड्याचे मेयोनीज खाऊन झालेल्या विषबाधांनंतर केरळने २०२३ साली, तेलंगणाने २०२४ साली आणि तमिळनाडूने २०२५ साली त्यावर बंदीचे आदेश काढले. पण कारखान्यातले बरणीबंद मेयोनीज आंबट असल्याने आणि त्यातले अंडे निर्जंतुक केलेले असल्याने तुलनेने सुरक्षित असते. बिनअंड्याचेही आता सर्वत्र मिळते. भाजी कोणत्या पाण्याने पिकली, कोणत्या पाण्याने धुतली आणि चिरणाऱ्याचे हात कसे होते, हे विचारायचे आम्ही विसरतो.

म्हणून शंभर माणसांच्या जेवणासाठी हे सॅलड करायचे तर आमच्या अनुभवाने ७ ते ८ किलो कोबी आणि दीड-दोन किलो गाजर पुरते. श्रीमती व्हिशर यांच्याप्रमाणे बाहेरची पाने सढळ हाताने काढून टाकावीत. घाण तेथेच असते. गड्डे चिरण्यापूर्वी पाव करून पिण्याच्या पाण्याने धुवावेत. किसणीवर किसू नये, त्याने कोबीचा लगदा होतो आणि पाणी सुटते. धारदार विळीने किंवा सुरीने बारीक चिरावी. मासळी-मटणाची विळी वेगळी. चिरलेल्या कोबीला थोडे मीठ लावून अर्धा-पाऊण तास चाळणीत ठेवावे. मीठ पानांतले पाणी बाहेर ओढते. ते निथळून, पिळून टाकले म्हणजे वाढेपर्यंत सॅलड पातळ होत नाही. कोशिंबिरीत मीठ ऐनवेळी घालायचे हा आपल्या आज्यांचा नियम याच कारणासाठी आहे. वाट तेवढी उलटी. रस वेगळा, थंड ठेवावा: मेयोनीज, त्याच्या निम्मे घट्ट चक्का दही, व्हिनेगर किंवा लिंबू, मोहरीची पूड, चिमूटभर साखर, मिरपूड. दह्यामुळे चव हलकी होते आणि आमच्या जिभेला ओळखीची वाटते.

कालवायचे ते पंगत बसण्याच्या अर्धा तास आधी, एकदम सगळे नव्हे, एकेका पातेल्यापुरते. पातेले बर्फाच्या परातीत ठेवावे. साधारण हवेत दोन तास, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, एवढीच या सॅलडाची उघड्यावरची मर्यादा; आमच्याकडची मेमधील लग्ने पाहता एकच तास धरून चालावे. गर्भवती स्त्रियांना हे सॅलड आग्रहाने वाढू नये, त्यांच्यासाठी शिजवलेली भाजी काढून ठेवावी. जेवण संपल्यावर उरलेले अन्न शेजारच्या वस्तीत पोचवण्याची आपल्या मंडळांची पद्धत चांगली आहे आणि ती चालू राहावी. कालवलेले सॅलड मात्र त्या डब्यांत भरू नये. न कालवलेली, झाकून थंड ठेवलेली कोबी दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकावी.